पिलोने फोटोवर मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटतात: दर गणपतीला येणारं दुखणं

पिलो म्हणजे फोटोवर मजकूर लिहून देणारी पायथनची लायब्ररी. तिने लिहिलेलं मराठी लॅपटॉपवर झकास दिसतं आणि सर्व्हरवर चढवलं की 'श्री'मधला श वेगळा, र वेगळा, मधे तो हलन्त लोंबकळतोय. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉग हिरवागार. आणि हे कळतं कधी, तर पन्नासएक लोकांच्या व्हॉट्सॲपवर वर्गणीची पावती पोचून कुणीतरी 'अरे हे काय छापलंयस' म्हणून फोन करतं तेव्हा. मला हा फोन तीन वेगवेगळ्या वर्षी आलाय, तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, मंडळातली पुढची पोरं तरी रात्री जागणार नाहीत.

आमचं मंडळ गिरगावातल्या चाळीचं. मी आता डोंबिवलीला राहतो पण वर्गणीच्या पावतीचं काम माझ्याकडेच राहिलंय. २०२० ला दारोदार फिरून वर्गणी घेणं शक्यच नव्हतं तेव्हा मी पायथनमधे एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, गणपतीचा फोटो घ्यायचा, त्यावर पिलो लायब्ररीने देणगीदाराचं नाव, रक्कम, तारीख लिहायची आणि इमेज पाठवून द्यायची. तात्पुरती म्हणून लिहिलेली. ती अजून चालू आहे, तात्पुरत्या गोष्टींचं असंच असतं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम लागणाऱ्या सामानासकट एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमधे, चालवणारं साधन) आणि त्याची पायथन स्लिम इमेज (कमीत कमी सामानाचा तयार डबा) वापरत असाल तर तिच्यात लिबफ्रिबिडी-झीरो नावाचं पॅकेज (मधे डॅश नाही, शेवटी शून्य आहे, ओ नाही) ॲप्ट या लिनक्सच्या कमांडने टाका, कंटेनर परत बिल्ड करा, दहातल्या आठ जणांचं काम तिथेच होईल. उरलेल्या दोघांनी पुढे वाचा. खरं तर आठांनीही वाचा, कारण पुढच्या वर्षी तुम्ही परत येणार.

आता हे होतं का. युनिकोडमधे मराठी साठवली जाते ती बोलण्याच्या क्रमाने, दिसण्याच्या क्रमाने नाही. सीएसएमटीचा बोर्ड डोळ्यासमोर आणा, त्यातला 'टर्मिनस' घ्या, त्यातला फक्त 'र्मि'. फाइलमधे हे चार कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) असतात: र, मग हलन्त, मग म, मग पहिली वेलांटी. आणि कागदावर बघा, सगळ्यात आधी दिसते ती वेलांटी, मग म, आणि र शेवटी रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे क्रम पूर्ण उलटा. हे उलटसुलट करायचं काम फॉन्ट एकटा करत नाही आणि पिलोही स्वतः करत नाही, त्यासाठी मधे शेपिंग करणारं इंजिन लागतं. ते नसलं की पिलो आपला सरळमार्गी माणूस, एक कोडपॉइंट आला की त्याचं एक चित्र काढायचं आणि पुढे सरकायचं. मग र साधा, त्याला हलन्त, मग म, आणि वेलांटीची कमान मवर न जाता पुढच्या नवर जाऊन पडते. वाचणाऱ्याला वाटतं टायपो झाला. टायपो नाहीये, डेटा शंभर टक्के बरोबर आहे, मोबाइलवर तोच मजकूर कॉपी करून पाहा, बरोबर दिसेल.

आमच्या चाळीत अप्पा म्हणून एक आहेत, आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले त्यांनी. त्यांना मी हे समजावत होतो तर म्हणाले, 'अरे आम्ही वेलांटीचा खिळा आधीच उचलायचो, मग म, मग रफार. तुमचं मशीन उलटं कशाला चालतं?' मी म्हटलं, अहो अप्पा, मशीन बोलीप्रमाणे चालतं, नजरेप्रमाणे नाही. त्यांना ते अजिबात पटलेलं नाही. पण त्यांच्या प्रश्नात मुद्दा आहे, खिळे जुळवणारा माणूस स्वतःच शेपिंग इंजिन होता, आता त्याच्या जागी एक लायब्ररी बसलीय आणि ती आजारी पडली की रजेचा अर्जही देत नाही.

त्या लायब्ररीचं नाव रक्म. ती स्वतः फार काही करत नाही, तिघांना एकत्र आणते: उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींची दिशा ठरवायला फ्रिबिडी, अक्षरं जुळवायला हार्फबझ, आणि चित्र काढायला फ्रीटाइप. मराठीचं सगळं काम हार्फबझकडे आहे. फ्रिबिडीची गरज अरबी, हिब्रू, उर्दूला, आपण डावीकडून उजवीकडे सरळ लिहितो. पण गंमत अशी की पिलोच्या ८.२ पासून (एप्रिल २०२१) पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायचं साधन) टाकलेल्या पिलोत रक्म आणि हार्फबझ आतच भरलेले येतात आणि फ्रिबिडी मात्र तुमच्या मशीनवर आहे का हे तो चालू होताना शोधतो. सापडला नाही की पिलो म्हणतो रक्मच नाही. म्हणजे ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही त्याच्यावाचून आपलं अडतं. लॅपटॉपवर उबुंटू डेस्कटॉप असला की तिथे फ्रिबिडी आधीपासूनच असतो, कारण डेस्कटॉपवरचा मजकूर दाखवणाऱ्या पँगोला तो लागतो. स्लिम इमेजमधे डेस्कटॉपचं काही नसतंच. एवढंच रहस्य आहे त्या 'माझ्याकडे तर चालतंय'चं.

जाता जाता, रक्म हा अरबी शब्द आहे, लिहिणं आणि आकडा असे दोन्ही अर्थ त्याला आहेत, आणि आपल्या पावतीवरची 'रक्कम' त्याच घरातली. मला हे कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं.

तपासायचं कसं, तर टर्मिनलमधे पायथनला मायनस एम देऊन पीआयएल चालवा (तिन्ही कॅपिटल), एक लांबलचक रिपोर्ट येतो. त्यात रक्मची ओळ शोधा. तिच्या सुरुवातीला तीन डॅश असतील आणि नावानंतर ओके असेल तर आहे. तीन चांदण्या असतील तर नाही. त्या ओळीत कंसात 'बायडायरेक्शनल टेक्स्ट', म्हणजे दोन्ही दिशांचा मजकूर, असं लिहिलेलं असतं, ते वाचून मी पहिल्या वेळी ती ओळ सोडूनच दिली होती, म्हटलं हे अरबीवाल्यांचं प्रकरण दिसतंय, आपल्याला काय करायचंय. दोन रात्री गेल्या त्यात. आणि हो, हे कंटेनरच्या आत जाऊन चालवायचं, बाहेर नाही. बाहेर चालवून 'पण माझं तर ओके दाखवतंय' म्हणणारे निदान तीन जण मला भेटलेत, त्यातला एक मीच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रक्म नसताना पिलो ओरडत नाही हीच खरी बोंब आहे. लेआउट इंजिन (अक्षरं कुणी जुळवायची ते) सांगितलं नसेल तर तो स्वतः बघतो, रक्म असेल तर रक्म, नसेल तर गुपचूप बेसिक, म्हणजे तेच एका कोडपॉइंटला एक चित्र. बरं, 'मला रक्मच पाहिजे' असं फॉन्ट उघडताना लिहिलं तरी जुन्या आवृत्त्या तेवढ्याच गुपचूप बेसिकवर जातात. त्यामुळे नुसतं मागून उपयोग नाही, त्याला ओरडायला लावायचं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे, टेक्स्ट लिहायच्या फंक्शनला लँग्वेज नावाचा एक पॅरामीटर असतो, त्यात मराठीचा कोड एमआर द्या, स्मॉलमधे. रक्म असेल तर तो मुकाट्याने घेतला जातो. रक्म नसेल तर पिलो तिथल्या तिथे कीएरर फेकतो की लिबरक्मशिवाय दिशा, भाषा, फॉन्ट फीचर्स काही सेट करता येणार नाही. म्हणजे फुटकी पावती लोकांकडे जायच्या आधी स्क्रिप्टच बंद पडते. रात्री अकराला बंद पडलेली स्क्रिप्ट परवडली, सकाळी आठला चाळीच्या ग्रुपवर फिरणारी फुटकी पावती नको.

या पॅरामीटरचा दुसरा फायदा त्याहून गोड आहे. ज्या फॉन्टमधे मराठीची वेगळी सोय केलेली असते तिथे एमआर दिलं की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, पाकळीवाला ल आणि देठाचा श. नाही दिलं तर हिंदी वळणाचे. बऱ्याच लोकांना फरक कळत नाही, पण कळतो त्याला फार खुपतो. अप्पांना मी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, काही न सांगता. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन सेकंदात एकीवर बोट ठेवलं, 'ही आपली.' फक्त लक्षात ठेवा, रुंदी मोजणाऱ्या फंक्शनलाही तीच भाषा द्यायची, नाहीतर मोजायचं एका ल ला आणि छापायचं दुसऱ्याला असं होतं.

शिवाय स्क्रिप्ट चालू होतानाच पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला रक्म आहे का विचारा आणि उत्तर फॉल्स आलं तर तिथेच एक्सेप्शन फेकून बाहेर पडा. दोन ओळींचं काम आहे. मी दोन्ही ठेवलंय, ताक फुंकून प्यायची सवय लागलीय.

आता माझा जुगाड, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी तो कुठूनतरी उचलून आधीच टाकलेला असणार. २०२० ला माझ्याकडे रक्म नव्हतीच, ना लॅपटॉपवर ना सर्व्हरवर, तर मी एक फंक्शन लिहिलं जे स्ट्रिंगमधल्या प्रत्येक पहिल्या वेलांटीला उचलून तिच्या आधीच्या व्यंजनाच्याही आधी ठेवायचं. म्हणजे अप्पांचेच खिळे, फक्त पायथनमधे. 'ठिकाण' छान यायचं. 'माणिक' यायचं. जोडाक्षरं तरीही फुटायची पण लोकांनी समजून घेतलं, त्या वर्षी लोक सगळंच समजून घेत होते. मग २०२१ ला गणपती १० सप्टेंबरला होते, मी ऑगस्टमधे सगळी पॅकेजेस अपडेट केली आणि लॅपटॉपवर अचानक 'ठिकाण'च्या आधी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ यायला लागलं, त्याला वेलांटी लटकलेली. सर्व्हरवर मात्र पूर्वीसारखंच! म्हणजे या वेळी उलट, सर्व्हर बरा आणि लॅपटॉप आजारी. डोकं फिरलं माझं. कारण असं की लॅपटॉपवर नव्या पिलोबरोबर रक्म आपोआप आली, फ्रिबिडी होताच, हार्फबझने मजकूर हातात घेतला आणि त्याला दिसलं की शब्दाच्या सुरुवातीलाच व्यंजनाशिवाय वेलांटी, हे अशुद्ध आहे, मग तो तिला टेकायला ठिपक्यांचं वर्तुळ देतो. सर्व्हरवर फ्रिबिडी नव्हता म्हणून बेसिक, म्हणून जुगाड तिथे अजून जिवंत. मी जुगाड काढला, लॅपटॉप सुधारला, सर्व्हर बिघडला, आणि मग कुठे खरं कारण सापडलं. तर असं वेलांटी हलवणारं फंक्शन तुमच्या कोडमधे असेल तर आधी ते उपटून टाका, मग बाकीचं. अरबीसाठी अक्षरं बदलून देणाऱ्या, स्ट्रिंग उलटी करणाऱ्या लायब्ऱ्याही लोक मराठीला लावतात, उत्तर शोधताना तेच आधी सापडतं म्हणून. त्यांचा मराठीशी काहीही संबंध नाही, काढा.

रक्म आहे, रिपोर्टमधे ओके आहे, तरी फुटतंय, असं असेल तर नव्वद टक्के वेळा तुम्ही स्ट्रिंगचे तुकडे करताय. एक प्रकार म्हणजे अक्षरांत जरा मोकळी जागा हवी म्हणून फॉर लूप लावून एकेक कॅरेक्टर काढणं. पायथनचं एक कॅरेक्टर म्हणजे मराठीचं एक अक्षर नव्हे. 'श्री' हे एक अक्षर, पण पायथनला त्यात चार दिसतात: श, हलन्त, र, दुसरी वेलांटी. तुम्ही एकेक देताय म्हटल्यावर हार्फबझने जोडायचं कुणाला? अख्खा शब्द, शक्यतो अख्खी ओळ एकदम द्या. अक्षरांमधे जागा सोडायचा मोह तर सोडाच, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुसरा प्रकार टेक्स्टरॅपचा. ओळ लांब झाली की पायथनच्या टेक्स्टरॅपने तीस कॅरेक्टरवर तोडायची, हे इंग्रजीला चालतं. मराठीत तीस कॅरेक्टरची एक ओळ लांब आणि दुसरी आखूड येते कारण मात्रा, उकार, हलन्त सगळे मोजले जातात पण जागा घेत नाहीत. वर तो लांब शब्द मधेच तोडतो, तुटला नेमका हलन्तानंतर की पहिल्या ओळीच्या शेवटी लंगडा हलन्त आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला अनाथ व्यंजन. त्याऐवजी शब्द एकेक जोडत जा, प्रत्येक वेळी टेक्स्टलेंग्थ नावाच्या फंक्शनने पिक्सेलमधे रुंदी मोजा, बाहेर जायला लागली की नवी ओळ. जुना कोड टेक्स्टसाइझ वापरत असेल तर तो पिलो १० पासून (जुलै २०२३) पूर्ण काढून टाकलाय, ॲट्रिब्यूटएरर येईल. त्याबद्दल पिलोचे आभारच, निदान ही एरर दिसते तरी.

आता जे मला खरंच नडलं ते. दोन वर्षांपूर्वी महाप्रसादाच्या आचाऱ्यांना मानपत्र द्यायचं ठरलं, तेही त्याच स्क्रिप्टमधून काढलं, मथळा 'आमच्या आचाऱ्यांना मानाचा मुजरा'. छापून आलं 'आमच्या आचार्यांना मानाचा मुजरा'. अप्पा म्हणाले, 'आपल्या रस्सा करणाऱ्याला तू थेट द्रोणाच्या पंगतीत बसवलंस.' सगळे हसले, मी पण हसलो, पण रात्री घरी येऊन हेक्समधे, म्हणजे एकेका चिन्हाचा क्रमांक उघडून, बघितलं. झालं असं होतं की तो 'ऱ्य' टाइप करायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ देतात आणि मग हलन्त. काही साधा र, हलन्त आणि मग एक झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचं न दिसणारं अक्षर, जे हार्फबझला सांगतं की इथे रफार नको, तो आडवा मिशीसारखा र काढ. आणि माझ्या स्क्रिप्टमधे नावं साफ करायचं एक फंक्शन होतं, जे न छापता येणारी सगळी कॅरेक्टर उडवायचं. पायथनच्या इजप्रिंटेबलच्या हिशेबाने जॉइनर न छापता येणारा. उडाला. उरला र, हलन्त, य, त्याचा झाला रफार. दऱ्यांचा दर्या झाला तोही असाच. शोधून पाहिलं तर देणगीदारांच्या यादीतले गोऱ्हे आणि कुऱ्हाडे पण त्यातच सापडले होते, बिचारे काही बोलले नव्हते.

इलाज असा: साफसफाई करायच्या आधी जिथे जिथे र, हलन्त, जॉइनर असे सलग तीन येतील तिथे ते नुक्त्याचा ऱ आणि हलन्त या दोघांनी बदला. मग जॉइनर उडाला तरी मिशी शाबूत.

त्याच जातीचा दुसरा किडा म्हणजे 'ॲ'. वकिलांच्या नावापुढचं 'ॲड.' बघा. जुन्या सवयीने लोक अ लिहितात आणि वर अर्धचंद्र देतात, दोन कोडपॉइंट. दिसायला तेच. पण युनिकोडमधे ॲ साठी एकच वेगळा कोडपॉइंट आहे, २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून, आणि हार्फबझला तोच चालतो, अ अधिक चंद्र दिसला की मधे पुन्हा ते ठिपक्यांचं वर्तुळ. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावून हे सुटत नाही, मी लावून बघितलंय, ते दोन्ही त्याच्या लेखी वेगळेच आहेत. सरळ रिप्लेस करा. आमच्या चाळीत वकील चार आहेत आणि चौघांनीही वर्तुळाबद्दल तक्रार केली होती, लेखी.

ओळी एकमेकींवर चढतायत? म्हणजे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतोय? पिलो अनेक ओळींचा मजकूर काढताना ओळीची उंची कशावरून ठरवतो माहितीय, इंग्रजी कॅपिटल ए वरून. ए च्या ना खाली काही ना वर काही. त्यात तो फक्त चार पिक्सेलची मोकळी जागा घालतो. 'मुंब्रा'च्या उकाराला आणि 'शैक्षणिक'च्या दोन मात्रांना त्यात काय होणार. स्पेसिंग वाढवा, मी फॉन्ट साइझच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा ठेवतो, किंवा प्रत्येक ओळ स्वतंत्र काढा आणि वाय (ओळीची उभी जागा) स्वतः मोजा. स्वतंत्र काढणार असाल तर अँकरमधे (मजकूर कुठल्या रेघेवर टेकवायचा ते) बेसलाइन द्या आणि वाय ठरावीक ठेवा. प्रत्येक नावाचा चौकोन मोजून मधोमध बसवायला जाल तर उकारवाली नावं वर सरकतात, रफारवाली खाली, आणि शेजारशेजारच्या दोन नावांच्या शिरोरेषा जुळत नाहीत, देवळातल्या तिरक्या रांगेसारखं दिसतं.

चौकोनी डबे दिसत असतील तर ते शेपिंगचं नाहीच, फॉन्टमधे ते अक्षरच नाही. पिलो ब्राउझरसारखा दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणत नाही, दिलेल्या एका फॉन्टमधे असेल ते काढतो. रुपयाचं चिन्ह २०१० चं, त्याआधीच्या फॉन्टमधे ते कुठून असणार. काही देवनागरी फॉन्टमधे रोमन अक्षरं नसतात, आणि नमस्काराचा इमोजी तर कुठल्याच देवनागरी फॉन्टमधे नसतो. इमोजी हवाच असेल तर नोटो कलर इमोजी वेगळा उघडून, साइझ १०९ ठेवून (दुसरी कुठलीही दिली की तो इनव्हॅलिड पिक्सेल साइझ म्हणून रुसतो) वेगळी छोटी इमेज काढून चिकटवा. आमच्या खजिनदारांना नावापुढे तो लागतोच. फॉन्टच्या बाबतीत मी मुक्ता वापरतो, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या मंडळींनी केलेला, फुकट आणि खुला आहे, रोमनही आहे. फॉन्टची फाइल स्क्रिप्टच्याच फोल्डरमधे ठेवा आणि पूर्ण पाथ द्या, म्हणजे 'कॅनॉट ओपन रिसोर्स' हा एरर येणार नाही.

जुनी यादी श्रीलिपीत असेल तर त्यावर इथे काही करता येणार नाही. ती मुळात युनिकोड नाहीच, रोमन चिन्हांना मराठी मुखवटा घातलेला, आधी कन्व्हर्ट करा.

ओपनसीव्ही ही चित्रं-व्हिडिओची दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. तिचं पुटटेक्स्ट हे फंक्शन मराठी काढतच नाही, त्याच्याकडे फक्त त्याची रेघोट्यांची रोमन अक्षरं आहेत, म्हणून सगळी प्रश्नचिन्हं येतात. चित्र पिलोत न्या, लिहा, परत आणा. पण नेताना आणि आणताना रंगांचा क्रम बदला, ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल धरतो आणि पिलो लाल-हिरवा-निळा. मंडळातल्या एका पोराने हे केलं नाही आणि आगमनाच्या व्हिडिओवर २५५, १५३, ५१ चा छान भगवा मथळा निघाला आकाशी. गिरगावात आगमनाला आकाशी मथळा. त्याच्यावर काय गुदरलं ते तुम्ही कल्पना करा.

आता राहिलं विंडोज. तिथे पिपच्या पिलोत फ्रिबिडी येत नाही, फ्रिबिडी डॉट डीएलएल मिळवून पायथनच्या फोल्डरमधे ठेवावी लागते, मग रिपोर्टमधे ओके दिसतं. मॅकवर होमब्रूने फ्रिबिडी टाकला की झालं.

तपासायला मी एक ठरावीक ओळ ठेवलीय, ती प्रत्येक बदलानंतर छापून बघतो, सगळी आपली स्टेशनं: चर्चगेट, ग्रँट रोड, वांद्रे, चिंचपोकळी, विद्याविहार, मुंब्रा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि शेवटी 'आचाऱ्यांना ॲड.' हे दोन शब्द. रफार, रकार, चंद्रबिंदू, वेलांटीवरचा अनुस्वार, द्य, त्र, मिशी, सगळं त्यात येतं. ही ओळ कंटेनरच्या आत काढलेल्या इमेजवर बरोबर आली की मगच मी पावत्या सोडतो. त्यानंतरही काही फुटलं आणि मला विचारायला आलात तर तो शब्द कोडपॉइंटसकट आणा, नुसता स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटमधे जॉइनर दिसत नाही.